महामार्गाची कड सोडा, कालव्याची वाट धरा!

वाशीम जिल्ह्यातील तलाव, कालवे आणि नदीकाठ : धावणाऱ्यांसाठी इतिहासाच्या सान्निध्यातील वाटा

वाशीम, (खास प्रतिनिधी) : पहाटेचे पाच वाजलेले असतात. अकोला-नांदेड महामार्गाच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चार-सहा तरुण एका रांगेत धावत असतात. कुणाच्या हातात मोबाइलचा प्रकाश, तर कुणाच्या अंगात गडद रंगाचा टी-शर्ट. शेजारून मालमोटार गेली की तिच्या वाऱ्याने पाऊल क्षणभर डगमगते. पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षकाची परीक्षा अशी कारणे वेगवेगळी असली, तरी रस्ता मात्र एकच. विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर हे दृश्य दिसते आणि वाशीम जिल्हाही त्याला अपवाद नाही.

पूर्वी हे रस्ते अरुंद होते, तशी वाहनेही थोडी होती. आता अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला असून, २०२५ च्या जूनमध्ये तो नागपूरपासून मुंबईच्या दारापर्यंत पूर्णपणे खुला झाला. समृद्धीवर पायी चालण्यास मनाई आहे. मात्र त्याला जोडणाऱ्या रस्त्यांवरची वर्दळ वाढली. रस्ते सुधारले, वाहनांचा वेग वाढला आणि कडेने धावणाऱ्यासाठी तेच रस्ते अधिक धोक्याचे झाले.

मग धावायचे तरी कोठे? प्रत्येक गावाला क्रीडा संकुल नाही आणि नजीकच्या काळात ते होण्याची शक्यताही कमी. परंतु गावालगत तलावाची पाळ असते, धरणाच्या लाभक्षेत्रात कालव्याची कड असते, नदीकाठी पांदण असते. वाशीम जिल्ह्यात तर यातील बऱ्याच वाटा दीड हजार वर्षांच्या इतिहासाला लागून जातात. या वाटा कोणत्या, त्या कशा वापराव्यात आणि केव्हा टाळाव्यात, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

पाणलोटाच्या माथ्यावरचा जिल्हा

प्रथम येथील पाण्याचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. वाशीम जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पूर्वेकडील पठारावर, दोन मोठ्या खोऱ्यांच्या सीमेवर वसलेला आहे. वाशीम तालुक्यातील काटा गावाच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे अकोला जिल्ह्यात उतरते, पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीच्या वाटेने अरबी समुद्राला जाते. याच पठारावरून निघणाऱ्या पूस, अरुणावती आणि अडाण या नद्या मात्र यवतमाळ जिल्ह्याकडे वळतात. त्यांचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाचे थेंब दोन वेगवेगळ्या समुद्रांना जातात!

याचा अर्थ असा की, या जिल्ह्यातून नद्या निघतात. भरून वाहत येत नाहीत. बुलडाणा जिल्ह्यातून येऊन रिसोड तालुक्यातून जाणारी आणि पुढे हिंगोलीची सीमा आखणारी पैनगंगा एवढाच काय तो अपवाद. इतर नद्या येथे बाल्यावस्थेत असतात. पावसाळ्यात फुगतात, हिवाळ्यात ओहोळासारख्या झुळझुळतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बहुधा कोरड्या पडतात. त्यामुळे येथील जुन्या नगरांनी पाण्यासाठी नदीवर विसंबून न राहता तलाव बांधले, कुंडे खोदली. पुढच्या काळात शासनाने लहान-मध्यम धरणे आणि त्यांचे कालवे काढले. नाशिकला गोदावरीचा घाट आहे, तसा वाशीमला नाही. येथे पाण्याकाठी धावायचे म्हणजे तलाव आणि कालवा यांचीच सोबत घ्यावी लागते.

वत्सगुल्माच्या तलावांभोवती

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याच्या शाखा झाल्या, तेव्हा त्याचा पुत्र सर्वसेन याने चौथ्या शतकात आपली राजधानी वत्सगुल्म येथे थाटली. याच शाखेतील विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली वाशीम येथे सापडला. संस्कृत आणि प्राकृत अशा मिश्र भाषेतील या ताम्रपटाने वाकाटकांच्या या शाखेवर मोठाच प्रकाश पडला. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील हरिषेण हा याच शाखेचा राजा. अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरविणारा वराहदेव हा त्याचाच मंत्री होय. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तही विदर्भातील नगर म्हणून वत्सगुल्माचा उल्लेख येतो.

त्या राजधानीच्या वास्तू आज जमिनीवर फारशा दिसत नाहीत. दिसते ते पाणी. वत्सगुल्म क्षेत्रात १०८ तीर्थे होती, अशी परंपरा सांगते. त्यांपैकी पद्मतीर्थ हे सर्वाधिक परिचित. गावातील बालाजी मंदिर त्या मानाने अलीकडचे. साबाजी भोसले यांचे दिवाण झालेले भवानी काळू यांनी ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७७९ च्या सुमारास बांधले. मंदिराजवळचा दगडी बांधणीचा देवतलाव हाही त्यांच्याच काळातला. पृथ्वीच्या मध्यरेषेवर असल्याची जनश्रुती असलेले मध्यमेश्वराचे मंदिरही याच नगरात आहे.

बालाजी मंदिर, देवतलाव, मध्यमेश्वर आणि पद्मतीर्थ यांना जोडणारी फेरी ही वाशीमकरांसाठी सर्वांत सोपी सुरुवात ठरू शकते. मात्र ही वाट वेगाने धावण्याची नव्हे. गल्ल्या अरुंद आहेत, वळणे अनेक आहेत आणि पहाटेच दर्शनाला निघालेल्या वृद्धांचा त्या रस्त्यांवर पहिला हक्क आहे. धाव सुरू करण्यापूर्वी अंग मोकळे करण्यासाठी किंवा आठवड्यातून एक दिवस संथ गतीने धावण्यासाठी ती उत्तम. तीर्थाच्या पायऱ्यांवर व्यायाम करण्याचा मोह टाळावा. शेवाळलेला दगड निसरडा असतो आणि तेथे स्नानविधीही चालू असतात.

एकबुर्जी : गावाची तहान भागविणारे पाणी

शहराबाहेर पडले की चंद्रभागा नदीवरील एकबुर्जी प्रकल्प लागतो. वाशीम शहराच्या नळाला येणारे पाणी याच जलाशयाचे. मातीच्या धरणाची लांबलचक भिंत, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ओलिताची वावरे, असे दृश्य पहाटेच्या प्रकाशात मन प्रसन्न करते. हिवाळ्यात जलाशयाच्या उथळ काठांवर पाणपक्षीही उतरतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धरणाची भिंत हा रस्ता नव्हे. ती जलसंपदा विभागाची मालमत्ता असून, प्रवेशबंदीचा फलक असेल तेथे तो पाळलाच पाहिजे. भिंतीच्या पाण्याकडील बाजूस दगडांचे अस्तर असते. त्यावर उतरल्यास पाय मुरगळण्याचा धोका असतो. सांडव्यावरून पाणी वाहत असताना तर तेथे थांबूही नये. धावण्यासाठी भिंतीपेक्षा धरणाकडे जाणारा रस्ता आणि कालव्यालगतची वाट अधिक सोयीची. शिवाय हे पिण्याचे पाणी आहे. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने काठावर टाकणे म्हणजे ती आपल्याच घरच्या हंड्यात टाकणे होय.

कालव्याची कड सपाट का असते?

कालव्यालगतची वाट धावण्यास चांगली का, याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. नदी वाट मिळेल तशी उतरते. कालव्याचे तसे नाही. त्याचे पाणी मातीची धूप न करता, पण न थांबता पुढे जावे म्हणून अभियंते त्याला अतिशय सौम्य उतार देतात. समजा, हा उतार तीन हजार मीटरला एक मीटर असा असेल, तर एक किलोमीटर धावताना जमीन जेमतेम ३३ सेंटिमीटरने उतरते. पायाला ती सपाटच भासते. कालवा टेकडीच्या कुशीने वळणे घेत जातो. त्यामुळे चढ-उतार नाहीत आणि तरीही दृश्य सतत पालटते.

कालव्याच्या एका काठावर पाणी सोडण्यासाठी व देखरेखीसाठी कर्मचाऱ्यांना जाता यावे म्हणून तपासणीची वाट राखलेली असते. तिच्यावर अंतर दाखविणारे साखळी क्रमांकाचे दगड असतात. जेथे ते शाबूत आहेत, तेथे धावणाऱ्याला आयतीच मोजपट्टी मिळते. डांबरी रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने धावल्यास एक पाय सतत खाली पडतो. मुरुमाच्या सपाट वाटेवर हा दोष नसतो आणि भरतीच्या मातीच्या मैदानाशीही तिचे अधिक साधर्म्य असते.

जगातील अनेक शहरांना हे फार पूर्वी उमगले. लंडनचा रीजंट कालवा १८२० साली पूर्ण झाला, तेव्हा त्याच्या काठची वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. घोडे गेले, वाट राहिली आणि आज तिच्यावर लंडनवासी धावतात. आपल्याकडे पुण्यात मुठा उजव्या कालव्याच्या कडेने काही भागांत जॉगिंग ट्रॅक झाले. नाशिकने गोदावरीकाठी गोदापार्क उभारला. वाशीम, मंगरूळपीर किंवा कारंजा यांना एवढा खर्चिक प्रकल्प नको. वाट मुळातच आहे. तिच्यावर मुरूम, काटेरी बाभळीची छाटणी आणि दोन-चार सूचनाफलक एवढे झाले तरी पुरे.

कारंजा : वेशींपासून अडाणपर्यंत

कारंजा लाड ही मध्ययुगातील वैभवशाली व्यापारपेठ. १६७० साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजांनी येथे छापा घालून मोठी संपत्ती मिळविली, यावरूनच त्या पेठेची श्रीमंती ध्यानात यावी. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही जुन्या नगराच्या चार दिशांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. नृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात राज्यभरातून भाविक येतात. येथील जैन मंदिरांतील हस्तलिखितांचे भांडार अभ्यासकांना सुपरिचित आहे.

चार वेशींना स्पर्श करणारी आणि ऋषी तलावाकडे जाणारी फेरी हा कारंजाचा ‘इतिहासमार्ग’ होऊ शकतो. गुरुवारी आणि उत्सवाच्या दिवशी गुरुमंदिराच्या परिसरात गर्दी असते. ते दिवस सोडून द्यावेत. अधिक अंतर धावायचे असल्यास अडाण नदीवरील मध्यम प्रकल्पाच्या बाजूस जावे. जलाशय आणि लाभक्षेत्रातील वाटा यांमुळे तेथे मोकळे आकाश आणि कमी वाहने अशी दोन्ही सुखे मिळतात. कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळवीट हे या परिसराचे भूषण. परंतु अभयारण्य हे धावण्याचे मैदान नव्हे. तेथे वनविभागाचे नियम पाळून केवळ पाहण्यासाठी जावे.

पैनगंगाकाठी : सौंदर्य आणि सावधानता

खऱ्या अर्थाने नदीकाठी धावायचे, तर रिसोड तालुका गाठावा लागतो. शेलगाव राजगुरे गावाजवळ कास नदी पैनगंगेला मिळते. पुढे पैनगंगेच्या एका तीरावर वाशीम, तर दुसऱ्या तीरावर हिंगोली जिल्हा राहतो. वरच्या अंगाला, बुलडाणा जिल्ह्यात याच नदीकाठी मेहकर वसले आहे. तेथील शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून मिळाली. त्या मंदिराचे दर्शन आणि नदीकाठची धाव, असा सुटीच्या दिवसाचा बेत वाशीमकरांना सहज जमण्यासारखा आहे.

मात्र पैनगंगेचा काठ कालव्यासारखा आखीव नाही. काठची जमीन काळी, भारी. पाऊस पडला की ही माती फुगते आणि बुटाला किलो-किलोने चिकटते. वाळली की तिला खोल भेगा पडतात. पुराच्या पाण्याने पोखरलेली दरड वरून शाबूत दिसली, तरी पायाखाली ढासळू शकते. म्हणून ऐन काठाने न धावता गावातून नदीकडे जाणारी पांदण धरावी. राज्यात २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत-पाणंद रस्ते बांधण्यास चालना मिळाली. असा रस्ता जेथे पूर्ण झाला आहे, तेथे धावणाऱ्याची चांगली सोय होते. पांदण संपली की पुढे कुणाचे तरी वावर असते. धुऱ्यावरून धावायचे तर मालकाला विचारावे. हरभरा फुलावर असताना धुऱ्यावरून घसरलेले पाऊल पिकातच पडते आणि चार जणांच्या पावलांनी झालेले नुकसान त्या शेतकऱ्यालाच सोसावे लागते.

पाणीपाळीचे वेळापत्रक पाहा

कालव्याकाठी धावणाऱ्याने शेतीचे पंचांग ओळखले पाहिजे. रब्बीत गहू-हरभऱ्यासाठी पाणीपाळी सुटते, तेव्हा कालवा भरून वाहतो. पाणी वरून संथ दिसते. पण अस्तर लावलेल्या कालव्याचे काठ उतरते आणि गुळगुळीत असतात. त्यात पडलेल्या माणसाला धरायला काहीच मिळत नाही. पोहता येणाराही त्यातून सहजासहजी वर येत नाही. म्हणून पाणीपाळीच्या दिवसांत काठापासून अंतर ठेवावे आणि तोंड धुण्यासाठीसुद्धा खाली उतरू नये.

कालव्याचा भराव म्हणजे मातीचे बांधकाम. त्याला भगदाड पडले तर काय होते, हे पुण्याने २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा कालवा फुटला तेव्हा अनुभवले. वाटेवर नवी गळती, खचलेली माती किंवा मोठे बीळ दिसल्यास पाटबंधारे शाखेला कळवावे. रोज पहाटे तेथून जाणारा धावपटू हा शेतकऱ्यासाठी आणि विभागासाठीही जागता पहारेकरी ठरू शकतो.

धावण्यासाठी उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून अंधारात कालवाकाठी जाण्याची घाई करू नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत धाव आटोपलेली बरी. जून ते सप्टेंबर या काळात गवत वाढते, सापविंचू बाहेर पडतात आणि ओढ्यांना अचानक पाणी येते. अशा वेळी गावातील तलावाची फेरी किंवा शाळेचे मैदान हाच पर्याय.

भरतीचे गणित

हा विषय केवळ हौसेचा नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणीचे ५० गुण असतात. त्यांपैकी २० गुण पुरुषांसाठी १,६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धावण्याचे. पूर्ण गुण मिळविण्यासाठी पुरुष उमेदवाराला हे अंतर पाच मिनिटे दहा सेकंदांत, तर महिला उमेदवाराला दोन मिनिटे पन्नास सेकंदांत कापावे लागते. म्हणजे ४०० मीटरच्या प्रत्येक फेरीला मुलांनी साडेसत्याहत्तर आणि मुलींनी पंचाऐंशी सेकंदांहून अधिक वेळ घेता कामा नये.

हे गणित महामार्गावर जुळत नाही. तेथे वाहन आले की थांबावे लागते, अंतर अंदाजाने मोजावे लागते आणि लक्ष घड्याळाऐवजी मागून येणाऱ्या भोंग्याकडे राहते. कालव्याच्या वाटेवर एकदा टेपने ४०० मीटर मोजून दोन खुणा केल्या, की रोजचा सराव काटेकोर होतो. मुलींच्या दृष्टीने प्रश्न आणखी निराळा आहे. निर्जन वाट सुरक्षित वाटत नाही म्हणून अनेकदा सरावच सुटतो. गावातील पाच-सहा मुलींनी एकत्र जाणे, सोबत एखाद्या पालकाने सायकलीवरून येणे आणि दिवस उजाडल्यावरच निघणे, हे उपाय साधे असले तरी उपयोगी आहेत. ग्रामपंचायतीने गावालगतच्या वाटेवर दोन दिवे लावले, तर अर्धा प्रश्न सुटेल.

हे लक्षात ठेवा

• नवी वाट प्रथम चालत जाऊन पाहावी. खड्डे, काटे, तुटलेल्या मोऱ्या आणि मोकाट कुत्री यांची माहिती करून घ्यावी.

• एकट्याने जाऊ नये. घरी वाट आणि परतण्याची वेळ सांगून जावे.

• कानात गाणी लावून कालव्याकाठी किंवा रस्त्यावर धावू नये.

• रस्त्यावरून जाणे अटळ असेल, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने धावावे आणि फिकट रंगाचे कपडे घालावेत.

• धरण, कालवा, तीर्थ आणि शेत या चारही ठिकाणी प्रथम परवानगी, मग पाऊल.

• सोबत नेलेला कचरा परत आणावा.

जिल्ह्याचे नाव, जिल्ह्याच्या वाटा

वाशीम हे १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. त्या वर्षी ते अकोल्यात विलीन झाले आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ साली त्याचा समावेश झाला, तो मागासलेपणाची जाणीव म्हणूनच. येथील तरुणाला पोलीस किंवा लष्कराची नोकरी म्हणजे घराचा आधार वाटते आणि त्या नोकरीसाठीच तो पहाटे जीव मुठीत धरून महामार्गावर उतरतो. नोकरी मिळण्याआधीच त्याने जीव धोक्यात घालावा, हे काही बरे नव्हे.

कोट्यवधींचे संकुल होईल तेव्हा होवो. तोवर तलावाची पाळ आहे, कालव्याची कड आहे, गावाची पांदण आहे. पाटबंधारे शाखा, ग्रामपंचायत आणि गावातील तरुण एकत्र बसले, तर एका हिवाळ्यात प्रत्येक लाभक्षेत्रात एक-दोन किलोमीटरची सुरक्षित वाट सहज तयार होऊ शकेल. वाकाटकांपासून भवानी काळूंपर्यंत या भूमीने पाण्याकाठीच आपली नगरे आणि देवळे उभी केली. धावण्याचा सरावही पाण्याकाठीच व्हावा, यात नवे असे काहीच नाही.